पाठमोरी सोबत

देव अंघोळ करून बसले होते, स्वयंपाक झाकून ठेवला होता, आणि भावांचा अजून पत्ता नव्हता. अक्का खिडकीशी गेली, परत आली, ओट्यावरचं धुतलेलं फडकं उगाच पुन्हा धुतलं. दरवर्षी हे असंच व्हायचं. दरवर्षी ती स्वतःला बजावायची की बाई गं, वाट बघू नकोस, येणारे आपल्या वेळेनं येतील. आणि दरवर्षी सकाळपासून तिचे कान त्या दाराला चिकटलेले असायचे.

वर्षातला हा एक दिवस तिचा होता, कुलाचाराचा. एरवी तिच्या घरी कोण यायचं? मीटर वाचणारा, वरच्या मजल्याचं पार्सल चुकून तिच्या दारात टाकणारा, आणि खालची शिंपीण. भाऊ फोन करायचे, नाही असं नाही. थोरला रविवारी गाडी चालवताना करायचा, त्यामुळे गाडी थांबली की फोनही थांबायचा. धाकटा मोबाइलवर हसऱ्या तोंडांची चित्रं पाठवायचा. पण ह्या दिवशी दोघांनाही कामं टाकून, बायकांना घेऊन, तिच्या दोन खोल्यांत यावंच लागायचं. घराण्याचे देव तिच्याकडे होते आणि ह्या दिवशीची पूजा घरच्या पुरुषानंच करायची असा नियम होता.

देव म्हणजे चांदीचे पाच टाक, अंगठ्याच्या पेराएवढे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंघोळींनी नाकडोळे पार झिजलेले. त्यातली देवी कोणती आणि देव कोणता हे आता एकट्या अक्कालाच ओळखू यायचं. आई शेवटची काही वर्षं मुलांकडे परदेशात राहायला आली, तेव्हा हे टाक कमरेच्या पिशवीत घालून घेऊन आली होती. रीतीप्रमाणे ते थोरल्याच्या घरी जायचे. पण आईनं थोरल्याच्या उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं, खाली पाहिलं, आणि ती जागच्या जागी थांबली. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. "जी जमीन ओल्या फडक्यानं पुसता येत नाही, तिथं देव कसे बसवायचे?" असं म्हणून तिनं देव 'तात्पुरते' अक्काकडे ठेवले. पुढे आई गेली. वर्षभरातच थोरल्याच्या बायकोनं, थोरलीनं, गालिचा उचलून चकचकीत लाकडी जमीन करून घेतली. सासूच्या हयातीत तिला ती का सुचली नाही, हे ज्याचं त्यानं समजावं. देव मात्र तात्पुरते होते ते तात्पुरतेच राहिले.

आईचा आणखी एक नियम होता. देव रात्रीचे एकटे ठेवायचे नाहीत. अक्कानं तो इमानानं पाळला. त्यापायी ती कधी कुठल्या भावाकडे मुक्कामाला गेली नाही. सुरुवातीला भाऊ आग्रह करायचे. मग "अक्काला कुठलं जमतंय, तिचे देव आहेत" असं ठरलं आणि आग्रह थांबला. सुंठीवाचून खोकला गेला.

ती रुग्णालयाच्या तळघरात कामाला होती. शस्त्रक्रियेची अवजारं धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून, कापडात बांधून वर पाठवायचं काम. तिथं एकानं धुतलेलं दुसऱ्यानं भिंगाखाली तपासायचं, आपलं काम आपणच पास करायचं नाही, असा दंडक होता. माणसं मोजकी, पण जितकी माणसं तितके धर्म. कुणी दुपारी चटई घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत जायचा, कुणी आठवड्यातल्या एका संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत घरी पळायची, कुणी रविवारी आभाळ कोसळलं तरी यायची नाही. एकाला देवच नव्हता. सगळ्यांच्या सुट्ट्या त्याच्या डोक्यावर पडायच्या, आणि "मला मेल्याला कुठलाच देव रजा देत नाही" म्हणून तो कुरकुरायचा. अक्काच्या दिवसाला कुठल्याच कॅलेंडरात जागा नव्हती, तरी तिची पाळी ही मंडळी न सांगता वाटून घ्यायची. दुसऱ्या दिवशी विचारायची, "कसा झाला तुझा दिवस?"

"छान. सगळे आले होते," ती म्हणायची. हे वाक्य तिला वर्षभर पुरायचं.

बेल वाजली. अक्का धावली.

थोरला आत आला तो घड्याळ बघतच. थोरलीच्या हातात फुलांचा गुच्छ, त्याच्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच. धाकट्यानं अक्काच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या मागे धाकटी, इथलीच, दुसऱ्या धर्मातली. लग्नानंतर मराठी शिकली होती. क्रियापदं जरा इकडेतिकडे पडायची, पण तिला न समजलेलं असं काही नसायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी अक्का तिला म्हणाली होती, "तुला अवघडल्यासारखं होईल गं, तू आपली बाहेर आरामात बस." तेव्हापासून ती पूजेच्या वेळी दाराशेजारच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसायची. आजही तिथंच बसली.

थोरल्यानं अक्कानं इस्त्री करून ठेवलेलं धोतर पॅंटवरूनच गुंडाळलं, पूजा उरकली, नैवेद्य दाखवला. पाच टाक तिनं सकाळी मऊ ब्रशनं, तळघरातल्या हातानं घासले होते. थोरल्यानं ते पाहिले की नाही कोण जाणे.

मग जेवणं. ह्या घरी नैवेद्याआधी स्वयंपाकाची चव घ्यायची नाही. मीठ अंदाजानं.

"झकास झालंय अक्का," थोरला म्हणाला.

"तुमच्या हाताची चवच वेगळी," थोरली म्हणाली.

"लोणचं आहे का गं?" धाकट्यानं विचारलं. दरवर्षी विचारायचा, आणि दरवर्षी दोनदा वाढून घ्यायचा. अक्काला वाटायचं, त्याला आईच्या हातचं लोणचं आठवतं.

दुसरा भात झाल्यावर थोरल्यानं घसा साफ केला. "अक्का, एक विषय काढायचा होता."

"काढ की. विषयच आहे, दात थोडाच आहे?"

"मंदिराचं नवं सभागृह झालंय, आमच्या घराजवळचं. कमिटीनं तिथं भिंतीला काचेची कपाटं केलीत. ज्यांच्याकडे घराण्याचे देव आहेत आणि पुढे बघणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी. पुजारी रोज पूजा करतो. मी आपल्या नावाचा एक कप्पा सांगून ठेवलाय."

अक्काच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. "पुढे बघणारं कुणी नाही म्हणजे? मी काय मेले का?"

"तसं नाही गं. पण तुझे गुडघे हे असे. मागच्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. उद्या काही झालं तर?"

"उद्या काही झालं तर देव तुझ्याकडे जायचे. आईनं सांगितलंय."

थोरलीला ठसका लागला. पाणी पिऊन ती म्हणाली, "आमच्याकडे कसं जमेल अक्का? आम्ही दोघं दिवसभर बाहेर. घरात कुत्रा."

"का? कुत्र्याला देव चालत नाहीत?" धाकट्यानं विचारलं.

"मग तुम्हीच न्या ना, भावजी," थोरली साखरेच्या आवाजात म्हणाली. "तुमच्याकडे कुत्रा नाही."

तिनं धाकटीकडे बघितलं नाही, पण बाकी सगळ्यांनी बघितलं. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. त्याच्या बायकोच्या धर्मात घरात मूर्ती ठेवत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं आणि थोरलीला सगळ्यांपेक्षा जास्त. इतरांकडे भाऊ हंड्या-कळशांवरून डोकी फोडतात. इथं वाटणी उलटी चालली होती. तू घे, छे, मान तुझा.

"मला विचाराल तर देव घरातच बरे," धाकटा शेवटी म्हणाला. "दादा, अक्का करतेय ना? करू दे तिला. कपाटात काय ठेवायचे? वस्तू आहेत का त्या?"

अक्काचा जीव भांड्यात पडला. तिला देवांची काळजी नव्हती असं नाही, पण खरी भीती वेगळीच होती. देव गेले की हा दिवस गेला. हा दिवस गेला की ह्या चार खुर्च्यांवर कोण बसणार? हे बोलून दाखवायची सोय नव्हती. साठीला टेकलेल्या बाईनं "मग माझ्याकडे कोण येईल" असं भावांना विचारायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. खालची शिंपीण आली होती. अक्काच्या साडीला फॉल लावून आणला होता.

ही तळमजल्यावर कपडे लहानमोठे करून द्यायची. ब्लाउजच्या कॉलरला नेहमी दोन-चार टाचण्या खोवलेल्या. अक्कासारखीच एकटी, अक्कासारखीच लांबून आलेली, पण जगाच्या दुसऱ्याच टोकाहून. इथली भाषा दोघींनाही मोडकीतोडकी यायची, त्यामुळे एकमेकींचं छान कळायचं. तिच्या धर्मात मूर्तीपुढे वाकायचं नाही, आणि मूर्तीला दाखवलेलं अन्न तोंडाला लावायचं नाही. अक्काच्या घरात रोजचा साधा भातसुद्धा देवांना दाखवल्याशिवाय कुणाच्या ताटात पडत नसे. दाखवलेलं तिला चालत नव्हतं, न दाखवलेलं हिच्या घरात चालत नव्हतं. इतक्या वर्षांच्या शेजारात दोघी एका भांड्यातलं कधी जेवल्या नव्हत्या. दुकानातला बिस्किटाचा पुडा तेवढा दोन्ही धर्मांना मंजूर होता.

"या, या, बसा," थोरला इथल्या भाषेत म्हणाला. परक्यांशी तो फार छान वागायचा.

शिंपिणीनं साडी ठेवली. भिंतीकडची खुर्ची उचलली, देवांच्या फळीशेजारी नेली, खिडकीकडे तोंड फिरवून ठेवली, आणि फळीकडे पाठ करून बसली.

"तिथं का? इकडे बसा ना आमच्यात," थोरला हसला.

"सवय," शिंपीण म्हणाली. "ही मागच्या वर्षी रुग्णालयात होती, तेव्हा मी इथंच बसायचे. रात्री इथंच आडवी व्हायचे. त्यांना एकटं ठेवायचं नाही ना?" तिनं मागे न बघता अंगठ्यानं खांद्यावरून देव दाखवले.

मग थोरला मराठीत म्हणाला, "अक्का, पुजारी यायचा म्हणाली होतीस ना तू?"

"म्हणाले होते."

"म्हणजे पुजारी आलाच नाही?"

"तो कुणाच्या घरी मुक्कामाला राहत नाही, म्हणाला."

"अगं बाई!" थोरलीनं ताट सरकवलं. "म्हणजे तितके दिवस देवांना पाणी नाही, फूल नाही, आणि राखणीला कोण, तर जिला देवच मान्य नाही ती!"

"तिला देव मान्य आहे. मूर्ती मान्य नाही."

"एकच ते."

"एकच नाही," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी विचारलं तेव्हा ती एक अख्खी संध्याकाळ विचार करत बसली. मग सांगितलं, मी त्यांच्यापुढे वाकणार नाही, त्यांना हात लावणार नाही, बघणारही नाही. पण एकटं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. मी बसेन, खुर्ची फिरवून. आणि बसली. तिचं दुकान बंद ठेवून बसली. तुमच्या पुजाऱ्याला जमलं नाही ते."

"पण आम्हाला खोटं का सांगितलंस?" हे धाकट्यानं विचारलं. त्याला खरंच लागलं होतं.

"तुला विचारलं होतं की नाही? तू म्हणालास, मित्रांबरोबरची सहल ठरलीय. दादा म्हणाला, कामासाठी बाहेरगावी जायचंय. दोघंही म्हणालात, एखादा पुजारी बघ. तुम्हाला पुजारी हवा होता, मी पुजारी सांगितला."

"मी होती," दाराकडून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. धाकटी स्टुलावरून उठली होती. ताट तिनं तसंच हातात धरलं होतं. जेवायलाही ती तिथंच बसली होती, हे अक्काच्या आत्ता लक्षात आलं.

"हा गेला सहलीला. मी घरी होती. मला का नाही विचारलं?"

"अगं, तुझ्या धर्मात..."

"तिच्या धर्मात पण नाही. तिला विचारलं. मला दारात बसवलं."

अक्काला तोंडात मारल्यासारखं झालं. तिनं इतकी वर्षं त्याला धाकटीचा मान राखणं म्हटलं होतं. "तू आरामात बस" म्हणताना आपण किती समजूतदार, असंही तिला वाटलं होतं.

"ती परकी होती," अक्का हळू म्हणाली. "परक्यापाशी मागायला मला लाज वाटली नाही. तुझ्यापाशी मागितलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर आपल्यात आहे तेवढंही उरलं नसतं."

"नाहीच म्हटलं असतं मी, कदाचित," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण विचारायचं असतं, अक्का."

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे. त्यानं कुणाच्या बाजूनं जायचं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "दादा म्हणतो ते बरोबर आहे," तो म्हणाला. "मंदिरात जाऊ देत. सगळ्यांच्याच मागची कटकट जाईल."

शिंपिणीला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. पण आवाज कळतात. ती उठली, खुर्ची होती तिथं नेऊन ठेवली. "माझ्यामुळे काही झालं का?"

"नाही गं," अक्का इथल्या भाषेत म्हणाली. "होणारच होतं."

ती गेल्यावर थोरला समजुतीच्या सुरात बोलू लागला. काचेला कुलूप असतं, दिवा रोज लागतो, मोठमोठ्या घराण्यांनी देव ठेवलेत. अक्का ऐकत होती. मग तिनं ताटावरून नजर न काढता विचारलं, "एक सांग. देव तिकडे गेले की पुढच्या वर्षी ह्या दिवशी तुम्ही कुठे जाणार?"

"मंदिरात. तूही ये की."

"आणि इथं?"

"इथं काय, आम्ही केव्हाही येऊ. तुझ्याकडे यायला दिवस कशाला लागतो?"

"तेही खरंच. दिवस नसला की केव्हाही येता येतं," अक्का म्हणाली. "केव्हाही म्हणजे कधी रे?"

थोरल्यानं घड्याळाकडे पाहिलं. थोरली घाईघाईनं ताटं गोळा करू लागली. धाकटा मीठ सांडलेली जागा बोटानं पुसत बसला. अक्कानं प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाळीपाळीनं पाहिलं, अवजारावर डाग राहिलाय का बघावं तसं. मग ती उठली.

"न्या," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटायचं, मी देव सांभाळते. कसलं काय! तेच मला सांभाळत होते. वर्षातून एकदा तुमचे कान धरून तुम्हाला माझ्या दारात आणत होते. त्यांनी तरी किती दिवस करायचं? सोडते तुमचे कान."

"अक्का, असं काय बोलतेस!"

"वाईट नाही बोलत. बघायचंय मला, कान न धरता कोण येतं ते."

तिनं पाचही टाक पुन्हा एकदा पुसले, धागा न सुटणाऱ्या कापडात एकेक वेगळा गुंडाळला. देवी डावीकडे, हे तिनं थोरल्याला दोनदा सांगितलं. तो "हो हो" म्हणाला आणि त्यानं पुडकं कोटाच्या खिशात टाकलं. निघताना बूट घालता घालता धाकटीनं मान वळवून रिकाम्या फळीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती जागा तिनं पहिल्यांदाच पाहिली असावी.

आता देव नव्हते, त्यामुळे अक्काला कुणाकडेही मुक्कामाला जाता आलं असतं. पण आग्रहाची सवय मोडली होती, ती सगळ्यांचीच. पहाटे तिचा हात आपोआप फळीकडे जाई आणि मोकळा परत येई. एकदा दोन बस बदलून ती मंदिरात जाऊन आली. सभागृह छान होतं, उजेड भरपूर. त्यांच्या आडनावाची पाटी लावलेल्या कप्प्यात पाचही टाक एका रांगेत होते, आणि देवी उजवीकडे होती. अक्कानं काचेवर बोट ठेवून पुजाऱ्याला दाखवलं. त्याला दुसऱ्या पूजेची घाई होती. "बघतो हं आजी," तो म्हणाला. तिचा राग बसमध्ये बसेपर्यंत टिकला, मग नुसतंच वाईट वाटत राहिलं.

खालची शिंपीण मात्र फळी रिकामी झाल्यापासून वर आली नव्हती. भेटायची ती जिन्यात, नाहीतर दुकानाच्या दारात. आपल्या तोंडून निघालेल्या गोष्टीनं हिचे देव गेले, असं तिनं मनाला लावून घेतलं होतं, आणि अक्काला तिची समजूत घालता आली नव्हती. भाषा नेमकी अशा वेळी पुरत नाही.

असं वर्ष गेलं आणि तो दिवस आला. तळघरातल्या मंडळींनी न सांगता तिची पाळी वाटून घेतली होती. देव गेले हे त्यांना सांगायचं तिला धाडस झालं नव्हतं. एक गोष्ट मात्र तिनं वेगळी केली. आदल्या दिवशी स्वतः फोन करून धाकटीला विचारलं, "येशील का उद्या? काही नाही, नुसती जेवायला."

"काम आहे, अक्का. उशीरपर्यंत. बघते," धाकटी म्हणाली. आणि थोडं थांबून, "विचारलं, बरं वाटलं."

तरी अक्कानं स्वयंपाक सगळ्यांचा केला. कमी करायला हात धजला नाही. थोरल्याचा फोन आला. मागे घंटा वाजत होत्या. "मंदिरात आहोत अक्का. धाकटाही आलाय. तू निघालीस का?"

"गुडघा धरलाय रे."

"मग राहू दे, धडपड करू नकोस. तुझा प्रसाद काढून ठेवतो."

धाकट्यानं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. अक्कानं मोबाइल उलटा ठेवला. भांडी झाकलेली, खुर्च्या मांडलेल्या, आणि भूक कुठे पळाली होती कोण जाणे. दुपार कलायला लागली तेव्हा ती उठून भातात हात घालून बघायला गेली, तर गार झाला होता.

दारावर टकटक झाली. बेल न वाजवता टकटक करणारं एकच माणूस होतं.

शिंपीण कॉलरच्या टाचण्यांसकट दारात उभी होती. "तुझा दिवस ना आज? जिन्यात कुणाचे पाय वाजले नाहीत, म्हणून आले." तिनं मांडलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्यातली एक उचलली, फळीशेजारी नेली, खिडकीकडे तोंड करून ठेवली, आणि पाठ फिरवून बसली.

"तिथं आता कुणी नाही," अक्का म्हणाली.

शिंपीण उठली, खुर्ची फिरवली, आणि अक्काकडे तोंड करून बसली. ह्या खोलीत ती कितीतरी संध्याकाळी येऊन बसायची, पण अक्काला तिथं पाठ होता तो तिचा अंबाडा आणि मानेवरचा तीळ. खिडकीच्या उजेडात तिचा चेहरा बराच थकलेला दिसत होता. आपलाही तिला तसाच दिसत असणार.

"जेवतेस?" अक्कानं विचारलं. आजवर हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

शिंपिणीनं भांड्यांकडे पाहिलं. "दाखवलेलं आहे का हे?"

"कुणाला दाखवू?" अक्का म्हणाली.

तिनं भात गरम केला, दोन ताटं वाढली. शिंपिणीनं हात धुतले, डोळे मिटले आणि ताटावर आपली प्रार्थना पुटपुटू लागली. ती बरीच लांब होती. अक्का घास हातात धरून थांबली. आधी कुणाचं तरी व्हायचं आणि मग आपण जेवायचं, ही सवय वर्षभरात सुटणारी नव्हती.

प्रार्थना संपली. शिंपिणीनं पहिला घास खाल्ला, विचार करून चावला, दुसरा खाल्ला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

अक्कानं खाऊन पाहिलं. होतं खरंच कमी, चांगलंच कमी होतं. तिला धाकट्यानं दोनदा वाढून घेतलेलं लोणचं आठवलं, आणि "झकास झालंय अक्का" आठवलं, दरवर्षीचं. ती मिठाचा डबा आणायला उठली आणि ओट्याला दोन्ही हातांनी धरून पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. शिंपिणीनं हाक मारली नाही की ती उठून जवळ आली नाही. हातातला घास तिनं ताटात परत ठेवला, आणि खुर्ची न फिरवता बसून राहिली.